खुर्चीमागे आठ रुपये

संध्याकाळी सातनंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर चार-पाच मुलं गणिताला बसतात. बहुतेक नववी-दहावीची, इमारतीतलीच. मागच्या वर्षी त्यांना एक समीकरण लिहून दिलं: य = ८क्ष + ६००. विचारलं, "ही एक रेषा आहे. हिचा चढ किती?" कुणी बोलेना. शेवटी एकीने मला समजावण्याच्या सुरात सांगितलं, "काका, आज आपण भाग एक करतोय. चढ भाग दोनमध्ये आहे."

तिचं काही चुकलं नव्हतं. राज्य मंडळाच्या दहावीला गणिताची दोन पुस्तकं आहेत. समीकरणं भाग १ मध्ये, रेषेचा चढ भाग २ मध्ये, निर्देशक भूमितीच्या प्रकरणात. दोन पेपर, दोन वह्या, काही घरांत तर दोन शिकवण्या. त्यामुळे समीकरणातला तो ८ आणि रेषेचा चढ ही एकच गोष्ट आहे, हे मुलांना कुणी सांगतच नाही. आणि एकदा ते दिसलं की दोन्ही पुस्तकांतली बरीच पानं सोपी होतात.

म्हणून आधी समीकरण नीट सोडवू, मग चढाकडे जाऊ, मग दोघांना एकाच आलेख कागदावर बसवू. जुन्या पुस्तकांसारखं मी क्ष आणि य लिहितोय. तुमच्या वहीत इंग्रजी अक्षरं असतील, गणिताला त्याने काही फरक पडत नाही.

जितकं असेल तितकं

क्ष या अक्षराची मुलांना उगाच भीती वाटते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी माहीत नसलेल्या राशीला ‘यावत्तावत्’ म्हटलं. अर्थ साधा आहे: जितकं असेल तितकं. दुसरी अज्ञात राशी आली की तिला ‘कालक’ म्हणायचं, मग ‘नीलक’, मग ‘पीतक’. काळा, निळा, पिवळा, जणू रंगीत पिशव्याच. लिहिताना पहिलं अक्षर घेतलं की काम झालं: या, का, नी. आपण क्ष लिहितो तेव्हा हेच करतो. पिशवीत किती आहे ते ठाऊक नाही, तरी पिशवी हातात धरून हिशेब पुढे नेता येतो.

तराजूच्या एका पारड्यात तांदळाच्या तीन सारख्या पिशव्या आणि ५ किलोचं वजन आहे. दुसऱ्या पारड्यात तशीच एक पिशवी आणि १७ किलो. काटा बरोबर मधोमध.

३क्ष + ५ = क्ष + १७

दोन्हीकडून एकेक पिशवी उचला. काटा हलत नाही: २क्ष + ५ = १७. दोन्हीकडून ५ किलो काढा: २क्ष = १२. दोन्हीकडून निम्मं काढा: क्ष = ६. आता ताळा. डावीकडे तीन सक अठरा आणि पाच, तेवीस. उजवीकडे सहा आणि सतरा, तेवीस. जुळलं.

यातली प्रत्येक पायरी ‘दोन्हीकडून’ या शब्दाने सुरू झाली, हे लक्षात घ्या. शाळेत मात्र हे सगळं एका मंत्रात शिकवलं जातं: पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं. जुने मास्तर याला पक्षांतर म्हणत. पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं, हे महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळं समजावून सांगायची गरज उरलेली नाही. पण गणितात ते चिन्ह का बदलतं, हे विचारलं की दहातली आठ मुलं गप्प. ५ पलीकडे गेलेले नसतातच. आपण दोन्हीकडून ५ वजा केले, डावीकडचे संपले आणि उजवीकडे ‘वजा ५’ दिसू लागले, एवढंच.

मंत्र वाईट नाही, हात बसल्यावर मीही तोच वापरतो. पण तो आधी शिकवला की २क्ष = १२ मधला २ सुद्धा ‘पलीकडे नेऊन चिन्ह बदललं’ जातो आणि मूल क्ष = १२ − २ = १० लिहितं. हे मी डझनभर वह्यांत पाहिलंय. अशा वेळी लाल शाईने काट मारण्याऐवजी विचारा: "दोन्हीकडे तू नेमकं काय केलंस?" मूल स्वतःच थांबतं, कारण दोन पिशव्यांतून २ किलो काढले तर एक पिशवी उरत नाही.

दुसरी खोड बरोबरच्या चिन्हाची. वहीत असं दिसतं:

३क्ष + ५ = २० = १५ = ५

मुलाच्या डोक्यात विचार बरोबर आहे: २० मधून ५ गेले, १५ राहिले, त्याला ३ ने भागलं, ५ आले. पण कागदावर लिहिलंय की वीस म्हणजे पंधरा आणि पंधरा म्हणजे पाच. कॅल्क्युलेटरच्या सवयीमुळे बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा अर्थ मनात बसतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो: एका ओळीत एकच बरोबरचं चिन्ह आणि ती सगळी एकाखाली एक, ओळंब्यात असल्यासारखी. कागद जास्त लागतो. लागू दे.

कंसापुढची वजाबाकी, हा तिसरा खड्डा. १० − २(क्ष − ३) = ४ हे घ्या. कुणी आधी दहातून दोन काढून ८(क्ष − ३) करतं. कुणी कंस उघडताना १० − २क्ष − ६ लिहितं. खरं तर ‘वजा दोन’ ने कंसातल्या दोघांनाही गुणायचं, आणि वजा तीनला वजा दोनने गुणलं की अधिक सहा: १० − २क्ष + ६ = ४. म्हणजे १६ − २क्ष = ४, २क्ष = १२, क्ष = ६. ज्याने वजा ६ लिहिलं त्याचं उत्तर शून्य येतं. तो शून्य मूळ समीकरणात ठेवून पाहा: डावीकडे १६, उजवीकडे ४. चूक अर्ध्या मिनिटात उघडी पडते. पण त्यासाठी ताळा मूळ समीकरणातच घ्यावा लागतो. आपण केलेल्या दुसऱ्या ओळीत घेतला तर चुकीचं उत्तरही मजेत जुळतं.

शून्य वर्षांची आई

शाब्दिक उदाहरणं म्हटलं की घरात ताण येतो. आई-बाबा म्हणतात, "याला गणित येतं हो, भाषा कळत नाही." बरेचदा उलट असतं. भाषा कळते, पण मूल ती वाचतच नाही. आकडे दिसले की ते गोळा करून काहीतरी करायला घेतं.

उदाहरण असं: आईचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते मुलाच्या वयाच्या दुप्पट होईल. तर मुलाचं आजचं वय किती?

पेन उचलण्याआधी एक छोटा तक्ता आखा. डावीकडे ‘मुलगा’, ‘आई’. वर ‘आज’, ‘१२ वर्षांनी’. मुलगा आज क्ष, आई ३क्ष. बारा वर्षांनी मुलगा क्ष + १२, आई ३क्ष + १२. चारही घरं भरली की गोष्टीतलं शेवटचं वाक्य तसंच्या तसं उतरवायचं: आई, म्हणजे ३क्ष + १२, ही दुप्पट आहे मुलाच्या, म्हणजे क्ष + १२ च्या.

३क्ष + १२ = २(क्ष + १२)

३क्ष + १२ = २क्ष + २४, म्हणून क्ष = १२. मुलगा बारा, आई छत्तीस. बारा वर्षांनी चोवीस आणि अठ्ठेचाळीस. ताळा जमला.

एका मुलाने कंस न घालता ३क्ष + १२ = २क्ष + १२ लिहिलं. उत्तर आलं क्ष = ०. त्याने शांतपणे खाली लिहिलं, "मुलाचे वय शून्य वर्षे." मी म्हटलं, "आणि आईचं?" तो क्षणभर थांबला, तीन गुणिले शून्य केलं आणि हसायला लागला. त्या दिवसानंतर त्याचा कंस विसरलेला मला आठवत नाही. उत्तर आकड्यात आलं की ते पुन्हा गोष्टीत नेऊन ठेवायचं, हा ताळ्याचा दुसरा प्रकार. परीक्षेत त्याला गुण नसतात, पण तो गुण वाचवतो.

अपूर्णांक आले की आणखी गडबड होते. त्यासाठी मी मुलांना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं भुंग्यांचं उदाहरण देतो, माझ्या शब्दांत. भुंग्यांचा एक थवा आहे. त्यातला पाचवा भाग कदंबाकडे गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलाकडे. या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडाकडे वळले. एक बिचारा मालती की केवडा या विचारात हवेतच घिरट्या घालत राहिला. एकूण भुंगे किती?

थव्यात क्ष भुंगे धरा.

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

छेदांचा ल.सा.वि. १५. दोन्ही बाजूंना १५ ने गुणायचं, आणि गुणायचं म्हणजे प्रत्येक पदाला. पहिलं पद ३क्ष, दुसरं ५क्ष. तिसऱ्यात कंसाच्या आत ५क्ष − ३क्ष, म्हणजे २क्ष, त्याची तिप्पट ६क्ष. तो एकटा भुंगा १५ होतो. उजवीकडे १५क्ष. म्हणून १४क्ष + १५ = १५क्ष, क्ष = १५. कदंबावर तीन, शिलींध्रावर पाच, कुड्यावर सहा, हवेत एक. पंधरा.

इथे हमखास विसरला जातो तो हवेतला भुंगा. त्याला छेद नाही, मग त्याला कशाला गुणायचं, असं मुलांना वाटतं. तो १ तसाच ठेवला तर उत्तर येतं क्ष = १. थव्यात एकच भुंगा, आणि त्याचा पाचवा भाग कदंबावर! सावकाश हसू द्या. हसून झालं की तीच ओळ पुन्हा करायला सांगा.

अर्धा इंच ढाळ

आता चढ. मागे आमच्या न्हाणीघराची फरशी बदलली. गवंड्याने सांगितलं, "साहेब, अर्धा इंच ढाळ दिलाय." मी मान डोलावली. आठवडाभरात पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराशी तळं करून बसायला लागलं. दुसरा गवंडी आला, त्याने पाणसळ लावली आणि पहिला प्रश्न विचारला: "अर्धा इंच, पण किती फुटांत?"

हाच चढाचा सगळा विषय. अर्धा इंच दोन फुटांत दिला तर पाणी धावतं, सहा फुटांत दिला तर रेंगाळतं. उंचीतला फरक एकट्याने काहीच सांगत नाही. तो किती आडव्या अंतरात झाला, हे सोबत लागतं. चढ म्हणजे उंचीतला फरक भागिले आडवं अंतर. अर्धा इंच भागिले बहात्तर इंच, म्हणजे १४४ ला १. त्या दुसऱ्या गवंड्याने सहा फुटांना एक इंच दिला, ७२ ला १, आणि तळं गेलं. गणित शिकवणाऱ्या माणसाने तो प्रश्न आधीच विचारायला हवा होता, असं घरच्यांनी त्यानंतर बरेच दिवस ऐकवलं.

अशा भाषेत बोलणारे आपल्याभोवती बरेच असतात. रेल्वेवाले ‘३७ ला १’ म्हणतात. १८६३ साली सुरू झालेल्या भोर घाटातल्या रेल्वेमार्गाचा सर्वांत अवघड चढ तेवढा आहे: ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. कोन काढला तर दीड अंशाहून किंचित जास्त. पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकांना तो इतका जड जातो की कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडावी लागतात. कर्जतच्या फलाटावर वडापाव घ्यायला जो वेळ मिळत आला, तो या १/३७ मुळे. रुळाकडेला उताराचे छोटे फलक असतात, त्यावरचा आकडा पाहा. आकडा मोठा तितका चढ सौम्य, कारण तो छेदातला आकडा आहे. १०० लिहिलेला रूळ ३७ च्या रुळापेक्षा सपाट.

चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधताना १२ ला १ हे प्रमाण धरतात. तुमच्या इमारतीच्या दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर चढायचे १८ इंच, आणि उतरणीची लांबी १८ फूट. मग सोसायटीच्या सभेत "दोन फळ्या टाकू की" म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकू. शंभर टक्के चढ म्हणजे उभी भिंत नव्हे. शंभर टक्के म्हणजे १. जितकं पुढे तितकंच वर, ४५ अंशांचा कोन. भिंतीचा चढ काढायला गेलात तर आडवं अंतर शून्य येतं, शून्याने भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही. गवंड्याच्या पिशवीत याची दोन्ही टोकं असतात. पाणसळीचा बुडबुडा मधोमध असेल तर चढ शून्य. ओळंब्याची दोरी लोंबकळते तिथे चढाचा प्रश्नच नाही. ‘शून्य’ आणि ‘ठरवता येत नाही’ या दोन गोष्टी परीक्षेत उलटसुलट लिहिल्या जातात. पाणसळ आणि ओळंबा आठवा.

उणे तीनची फसवणूक

आलेख कागदावर हेच, फक्त फूट-इंचांऐवजी निर्देशक. दोन बिंदू घ्या. दुसऱ्याच्या य मधून पहिल्याचा य वजा करा, ते वर. दुसऱ्याच्या क्ष मधून पहिल्याचा क्ष वजा करा, ते खाली. (२, ३) आणि (५, ९) यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ (९ − ३)/(५ − २), म्हणजे ६/३, म्हणजे २. कुठला बिंदू पहिला मानायचा ही तुमची मर्जी. उलटा क्रम घेतला तर वर −६, खाली −३, उत्तर तेच २. पण वर एक क्रम आणि खाली दुसरा घेतलात तर उत्तर −२ येतं आणि चढती रेषा उतरती होते. म्हणून मी मुलांना बिंदूंवर पेन्सिलीने ‘प’ आणि ‘दु’ लिहायला लावतो. बालिश वाटतं, पण चुका थांबतात.

खरी कसोटी ऋण निर्देशकांची. (−३, ४) आणि (१, −४) घ्या. वर: −४ − ४ = −८. खाली: १ − (−३), म्हणजे १ + ३ = ४. चढ −२. घाईत खाली १ − ३ = −२ लिहिलं की चढ ४ येतो. कागदावर कच्चा आलेख काढला असता तर कळलं असतं की पहिला बिंदू डावीकडे वर आहे आणि दुसरा उजवीकडे खाली. डावीकडून उजवीकडे, आपण वाचतो त्या दिशेने, रेषा उतरते आहे. चढ धन येणं शक्यच नाही. हिशेबाआधी चिन्ह ठरवून ठेवायची सवय लावा: चढते का उतरते? उत्तराचं चिन्ह त्याच्याशी जुळलं नाही तर कुठेतरी उणे गिळला आहे.

तीन बिंदू एकरेषीय आहेत का, हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. मघाच्या (२, ३) आणि (५, ९) सोबत (८, १५) आहे का त्याच रेषेवर? पहिल्या दोघांचा चढ २. दुसऱ्या-तिसऱ्याचा (१५ − ९)/(८ − ५), तोही २. मधला बिंदू दोघांत सामाईक, चढ सारखा, म्हणून रेषा एकच. उत्तरात ‘मधला बिंदू सामाईक’ हे शब्द लिहा. चढ सारखा असून रेषा समांतरही असू शकतात.

दोन मंडपवाले

आता दोन्ही पुस्तकं एकदम उघडू. घरचं कार्य आहे, खुर्च्या मागवायच्या आहेत. पहिला मंडपवाला म्हणतो, टेम्पोभाडं ६०० आणि खुर्चीमागे ८ रुपये. दुसरा म्हणतो, टेम्पो माझा, खुर्चीमागे १२ रुपये. (आकडे मी सोयीचे घेतलेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील.) खुर्च्या क्ष आणि बिल य धरलं, तर पहिल्याचं य = ८क्ष + ६०० आणि दुसऱ्याचं य = १२क्ष.

पहिल्याचा तक्ता करा. ५० खुर्च्या, बिल १,०००. १०० खुर्च्या, बिल १,४००. २०० खुर्च्या, बिल २,२००. दोन बिंदूंनी रेषा काढता येते, तरी तिसरा घ्याच. तीनही एका रेषेवर बसले नाहीत तर कुठेतरी हिशेब चुकलाय, म्हणजे तिसरा बिंदू हा आलेखाचा ताळा. आता पहिल्या दोन बिंदूंवरून चढ काढा: (१,४०० − १,०००)/(१०० − ५०), चारशे भागिले पन्नास, आठ. खुर्चीमागे आठ रुपये. एक खुर्ची पुढे सरकलं की बिल आठ रुपये वर. चढ म्हणजे दर, आणि तो समीकरणात क्ष च्या शेजारी आधीपासून बसलेला होता. ६०० म्हणजे क्ष शून्य असताना रेषा य-अक्षाला जिथे छेदते ती जागा. एकही खुर्ची उतरवली नाही, पण टेम्पो दारात आला, तर तेवढे द्यायचेच.

हे कळल्यावर मुलांना विजेच्या बिलातला स्थिर आकार, रिक्षाच्या मीटरचा सुरुवातीचा आकडा, सगळीकडे तीच दोन संख्यांची जोडी दिसायला लागते. एक सावधगिरी मात्र सांगा. समीकरण य = अशा रूपात असेल तरच क्ष च्या शेजारचा आकडा चढ असतो. २क्ष + ३य = १२ या रेषेचा चढ २ नाही. आधी य एकटा करायचा: ३य = १२ − २क्ष, मग सगळ्याला ३ ने भागून य = ४ − (२/३)क्ष. चढ −२/३. पहिल्या भागातलं ‘दोन्हीकडून’ इथे पुन्हा लागलं.

दुसरी सावधगिरी डोळ्यांची. आडव्या अक्षावर एका सेंटिमीटरला ५० खुर्च्या आणि उभ्यावर एका सेंटिमीटरला ५०० रुपये घेतले तर रेषा जशी तिरपी दिसते, तशी उभ्या अक्षाचं प्रमाण १०० रुपये केल्यावर दिसत नाही. ती एकदम कड्यासारखी उभी राहते. चढ मात्र दोन्हीकडे ८ च. म्हणून कोपऱ्यात प्रमाण लिहायला लावतात. वर्तमानपत्रात एखादा आलेख आभाळाला भिडलेला दिसला तर आधी तो कोपरा पाहावा.

दोन्ही रेषा एकाच कागदावर काढल्या की त्या एका ठिकाणी छेदतात. कुठे, ते समीकरण सांगतं: ८क्ष + ६०० = १२क्ष. दोन्हीकडून ८क्ष काढा, ६०० = ४क्ष, क्ष = १५०. बिल १,८००, दोघांचंही. दीडशेच्या आत खुर्च्या लागणार असतील तर दुसरा परवडतो, जास्त लागणार असतील तर पहिला. शंभर खुर्च्यांना पहिला १,४००, दुसरा १,२००. दोनशेला पहिला २,२००, दुसरा २,४००. ज्याचा चढ जास्त तो शेवटी महाग पडतोच, सुरुवातीला कितीही स्वस्त दिसो. एकसामयिक समीकरणांची उकल म्हणजे दोन रेषांचा छेदनबिंदू, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य मुलांनी पाठ केलेलं असतं. ते दीडशे खुर्च्यांपाशी पहिल्यांदा दिसतं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिसरा मंडपवाला आणला. टेम्पोभाडं ९००, खुर्चीमागे ८. "पहिला आणि तिसरा कधी सारखे पडतील?" मुलांनी लिहिलं:

८क्ष + ६०० = ८क्ष + ९००

दोन्हीकडून ८क्ष काढले. उरलं ६०० = ९००. टेबलावर शांतता. "काका, क्ष कुठे गेला?" मी काही बोललो नाही, नुसता आलेख कागद पुढे सरकवला. भाग एक आणि भाग दोनवाल्या त्याच मुलीने दोन रेषा आखल्या. एकीवर एक, मधे सारखं अंतर ठेवून, रुळांसारख्या. तिने पट्टी लावून कागदाच्या टोकापर्यंत नेल्या, मग टेबलावर बोटाने थोडं पुढेही.

"चढ सारखाच आहे," ती म्हणाली. "भेटणारच नाहीत."

"म्हणजे उकल नाही," दुसरा म्हणाला. "पण मग या तिसऱ्याला बोलवणार कोण? तो कायम तीनशेने महागच."

"तो नवरीचा मामा असेल," पहिली म्हणाली आणि रेषांखाली नीट लिहिलं: समांतर.